रिकाम्या देव्हाऱ्यातल्या गोष्टी

मी एक जुना सागवानी देव्हारा आहे, मित्रांनो, पण माझ्यापुढे हात जोडू नका. माझ्यात देव नाहीत, चिंचोके आहेत.

पुलगावच्या एका सुताराने मला घडवलं. वर दोन कळस, मधे कमान, पुढे छिटाचा पडदा. शेजारच्या नाचणगावात प्रेमदासच्या भिंतीवर चढलो तेव्हा मी स्वतःला फार मोठा समजत होतो. माणसं रोज वाकायची. ती देवांपुढे वाकतात, एवढी साधी गोष्ट माझ्या लाकडी डोक्यात कधी शिरली नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला प्रेमदास आणि त्याची बायको भागीरथा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. मूर्ती नदीत गेल्या. मी मात्र राहिलो, कारण चांगलं लाकूड चुलीत घालायला भागीरथेचा हात धजेना. पाहुणे आले की ती माझ्यावर लुगडं टाकायची. आपल्यामुळे घराला तोंड लपवावं लागतं, या विचाराने मी आतल्या आत झुरायचो.

त्यांची मुलगी पंचफुला शाळेत तोंडच उघडायची नाही. म्हणून भागीरथेने एक खेळ काढला. माझ्या पडद्याआड तिने चिंचोके, फुटक्या बांगडीचा तुकडा, सदऱ्याची गुंडी, कापसाचं बोंड असलं काहीबाही टाकलं. डोळे मिटून हात घालायचा आणि जे हाती येईल त्याची गोष्ट सांगायची. दुसऱ्याने पुढची वस्तू काढून तीच गोष्ट पुढे न्यायची. चुकलं असं कोणी म्हणायचं नाही. गुंडी कधी राजाची ढाल झाली, कधी उंदराचं ताट. पंचफुला आणि तिचा धाकटा भाऊ श्रावण माझ्यापुढून हलेनात. मुकी पोर बोलायला लागली. प्रेमदास मात्र त्या वेळी कापसाच्या गिरणीत पाळीवर असायचा, त्याला याची गंधवार्ता नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी घरी बुद्धवंदना कधी ठेवायची हे ठरवायला वस्तीतले वडीलधारे कवडूजी प्रेमदाससोबत आले. दारातूनच त्यांना दिसलं, की दोन्ही लेकरं मांडी घालून, डोळे मिटून, माझ्या पडद्याकडे हात करून बसली आहेत.

"प्रेमदास, नागपूरले तू माह्यासंगच आलता ना? मंग हे काय होय?"

प्रेमदासचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"बाबा, आमी तं..." पंचफुला म्हणाली.

"चूप," प्रेमदास ओरडला.

त्याने मला भिंतीवरून ओढलं आणि अंगणात भिरकावलं. माझा एक कळस तुटला, पडदा फाटला, आणि चिंचोके अंगणभर झाले.

कवडूजींनी वाकून गुंडी उचलली. "हे तं लेकरायचं खेळणं होय. म्या बी नीट इचारलं नाई," असं हळूच म्हणून ते मान खाली घालून निघून गेले.

"हे कवापासून चालू आहे?" प्रेमदासने विचारलं.

"वरीस झालं," भागीरथा म्हणाली. "तुमी कधी बसले काय लेकरायपाशी?"

आपल्याच घरातलं आपल्याला माहीत नाही, याची प्रेमदासला फार लाज वाटली. मलाही वाटली. माझा आकार देव्हाऱ्याचा नसता, तर त्या पोरीला बोलणी खावी लागली नसती.

पंचफुलाने चिंचोके वेचले, पण गोष्ट सांगणं सोडलं. आई बोलवायची, ती "नको" म्हणायची.

मग एका संध्याकाळी प्रेमदासने मला खिळे ठोकून उभं केलं, वेचलेल्या वस्तू आत टाकल्या आणि माझ्यापुढे बसून, डोळे मिटून हात घातला. बांगडीचा तुकडा निघाला. तो त्याने बोटांत फिरवला.

"एक बाप होता," तो म्हणाला. "त्यानं पोरीले पुरं बोलू देल्लं नाई."

एवढं सांगून त्याने तो तुकडा खाली ठेवला. दाराशी उभी असलेली पंचफुला हळूहळू जवळ आली. तिने एक चिंचोका काढला.

"त्या पोरीपाशी एक चिंचोका होता," ती म्हणाली, आणि गोष्ट पुढे निघाली.

मित्रांनो, या खेळाला देव्हारा लागत नाही. एखादा डबा घ्या, घरातल्या चार टाकाऊ वस्तू त्यात टाका आणि मोठ्या माणसांनाही ओढून बसवा. त्यांना गोष्ट जमली नाही तर हसू नका. प्रेमदासला अजून जमत नाही. तो मान खाली घालून एवढंच म्हणतो, "मंग पुढं तूच सांग, बाई." आणि ती सांगते.