आजाऱ्याचं शेत

मला राग पटकन येतो, हे पहिलंच सांगून ठेवते. आमच्या पाड्यात कुणालाही विचारा, चंद्रकला कशी, तर सांगतील, मिरचीचा ठेचा. पण समीक्षाच्या वेळी जो राग आला तो कुठं ठेवावा तेच मला कळलं नाय.

किन्हवलीपासून जरा आत आमचा पाडा. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या पडवीतली खोली या समीक्षानं घेतली. मुरबाडची पोर, शेतकीच्या कॉलेजात किड्यांचं शिकते. ती आल्या आल्या मी विचारलं, "गो बाय, किड्यांचं काय शिकायचं? दिसला की चिरडायचा, झालं शिक्षण." ती हसली. हसली म्हणून मला आवडली, नायतर शिकलेली माणसं लगेच समजवायला बसतात.

तिला भाताचा खोडकिडा बघायचा होता. आता खोडकिडा काय आमच्या ओळखीचा नाय होय? पिवळट पाखरू पानाच्या शेंड्याला अंडी घालतं, वर आपल्याच अंगाची लव पांघरतं. अळी निघते ती खोडात शिरते. रोप कोवळं असलं तर मधला पोंगा सुकतो, त्याला गाभेमर म्हणतात. लोंबी आल्यावर शिरली तर लोंबी पांढरी पडते, ताठ उभी राहते आणि आत दाणा नाय. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते तिनं सांगितलं. सुईच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी असते, ती त्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मंग अळीच्या जागी माशीच बाहेर पडते.

"म्हणजे चोराच्या घरात चोर," मी बोलली.

"तसंच, काकी."

आमच्या मालकांनी, नाव घ्यायचं नसतं पण तुमाला कळायला सांगते, नथू, त्यांनी तिला दोन तुकडे काढून दिले. एक ओढ्याच्या पलीकडं, एक अलीकडं, आमच्या खायच्या भाताला लागून. भात सगळीकडं एकच, लावणीही एकाच वेळची. पलीकडच्या तुकड्यात ती, आत ती माशी वाढतेय अशी अंडी चिकटवलेले कागद पानांना टाचायची. अलीकडच्यात काहीच करायचं नाय.

"इथं काहीही फवारू नका हं, काकी," ती हात जोडून बोलली. "किड्याला करायचं ते करू दे. दोन तुकड्यांत फरक किती पडतो, तेच मला बघायचंय."

गेल्या साली तिचं सगळं काम पाण्यानं वाहून नेलेलं. यंदाही नाय झालं तर कॉलेज आणखी मुदत देणार नव्हतं. एवढी वर्षं शिकून हात हलवत घरी जायचं, असं होतं. ती हे रडून सांगायची नाय, पण भात ढवळताना मधेच पळी तशीच सोडून ओढ्याकडं बघत बसायची. कधी घरची आठवण आली की बापाच्या झिणी तांदळाचं बोलायची. शिजला की वास शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत जातो, म्हणायची. आमच्या पाड्यात आता झिणी कोण लावत नाय, मी तोंडाला पाणी सुटून ऐकायची.

गणपती गेले आणि पोरीला ताप भरला. दिवसभर पाण्यात उभी, मच्छर सोडतात काय? किडे मोजायला आली आणि किड्यानंच आडवी पाडली. डेंग्यू निघाला. शहापूरला दवाखान्यात ठेवली, मंग बाप येऊन मुरबाडला घेऊन गेला. गाडीत मान टाकून पडलेली, तरी माझा हात धरून बोलली, "काकी, माझ्या तुकड्यांकडं बघा."

आता हे आमाला सांगायला लागतं?

आमच्या पाड्याची रीत आहे. आजाऱ्याचं शेत पडून ठेवायचं नाय. माणूस खाटेला खिळला की बाकीच्यांनी आपली कामं टाकून त्याच्या शेतात उतरायचं. भाकरी आपल्या घरची न्यायची, त्याच्या घरचं पाणीसुद्धा मागायचं नाय. आणि केलं ते बोलून दाखवायचं नाय. बरा होऊन आला की त्यानं शेत बघायचं, आणि त्यानंही विचारायचं नाय. मी बाळंतपणात मरता मरता वाचली, त्या साली आमची नाचणी कुणीतरी अशीच कापून खळ्यावर आणून ठेवली. कुणी, ते मला आजही ठाऊक नाय.

विषय बाईजानं काढला. बाईजा म्हणजे आमच्या पाड्यातली सगळ्यात जुनी म्हातारी, तिच्यापुढं माझीसुद्धा जीभ चालत नाय. "पोरीचा पलीकडचा तुकडा बरा हाये," ती बोलली, "पण अलीकडच्याला कीड लागलीय गो. लेकरू बरं होऊन येल आणि काय बघंल?"

"फवारायचं नाय सांगून गेलीय ती."

"मंग फवारतंय कोण? देवानं हात दिलेत ना?"

झालं. पाड्यातल्या सगळ्या बायका त्या तुकड्यात उतरल्या. अंडी असलेली पानं खुडली, सुकलेले पोंगे उपसले, टोपल्या भरभरून शिवेपलीकडं नेऊन टाकल्या. भाताची पाती करवतीसारखी, बोटं चिरली. बाईजाला वाकता येत नाय, ती बांधावर बसून "तिकडं राहिलं गो, तिकडं" करून ओरडत होती. आमची स्वतःची शेतं तशीच राहिली. आमच्या भातात गाभेमर दिसत होते, तरी मी बोलली, आधी पोरीचं. समीक्षाचा मुरबाडहून फोन यायचा, आवाज कसा खोल गेलेला. "तुकडा कसा आहे, काकी?" मी सांगायची, "आहे गो बरा, तू बरी हो." केलेलं सांगायचं नसतं ना.

ती आली त्या दिवशी मला नेमका पंप मिळाला होता. पाड्यात फवारणीचा पंप एकच, अनंताकडं. औषध भरून, पाठीला लावून मी आमच्या भाताकडं निघालेली. बघते तर समीक्षा आधीच बांधावर. काडी झालेली पोर, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. बाईजा तिच्या शेजारी तोंडभर हसत उभी, जणू सुनेचं माप ओलांडणं बघतेय.

समीक्षानं एक चूड, म्हणजे रोपांचा झुबका, वाकवून बघितला. मंग दुसरा. मंग आत शिरून भराभर बघत गेली.

"काकी, गाभेमर कुठं गेले?"

आता तिनंच विचारलं, मंग मी कशाला लपवू? "काढले," मी बोलली.

"अंडी?"

"ती पण. एक ठेवलं नाय."

ती तिथंच चिखलात बसली. मला वाटलं, आनंदानं. कसला आनंद! तोंडावर हात दाबून रडायला लागली. "काकी, तेच मोजायचं होतं मला. किडीला सोडून दिलेला एक तुकडा पायजे होता. आता कशाशी तोलू मी?"

माझं डोकं फिरलं. "आमची भातं वाऱ्यावर टाकून तुझ्या तुकड्यात राबलो, बायकांच्या बोटांना रगत आलं, आणि तू रडतेस? फवारू नका बोललीस, थेंब फवारला नाय. वेचू नका कधी बोललीस?"

"नाय बोलली," ती तशीच खाली बघत बोलली. "माझ्यासाठी कोण एवढं करंल, हे माझ्या डोक्यातच नाय आलं."

झालं माझ्या रागाचं पाणी. म्हणजे गेला नाय, पण कुणावर काढायचा तेच कळंना.

बाईजाचं तोंड एवढंसं झालं. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," ती पुटपुटली. मंग एकदम बोलली, "रडू नको गो बाय. माझ्या शेतात लय अळ्या हायेत. टोपलीभर आणून घालते, काय?"

रडता रडता पोर हसली. "आणून घातलेल्या नाय चालत, आजी. आपल्या पायानं आलेल्या लागतात."

हसली आणि तिची नजर बांधापलीकडं आमच्या भातावर गेली. तिथून माझ्या पाठीवरच्या पंपावर. मंग पटकन तिनं तोंड फिरवलं. शेतकऱ्याची पोर ती, मागणार नव्हती. पण मला काय दिसत नाय? भात तेच, लावणी तीच, आणि आमी सगळ्या तिच्या तुकड्यात अडकलेल्या म्हणून आमच्या भाताला कुणी बोट लावलेलं नव्हतं. किड्यानं आपल्या पायानं येऊन घर केलेलं.

"हे चालंल?" मी विचारलं.

"नको, काकी. तुम्ही फवारा. ते तुमचं वर्षाचं खायचं भात आहे."

"मी काय विचारलं? चालंल की नाय?"

तिनं वाकून आमच्या भाताचा एक चूड उघडून बघितला. मंग बोलली, "चालेल. पण..."

"पणबिण काय नाय." मी खांद्यातून पट्टा काढला आणि पंप बांधावर ठेवला. शूर बिर नव्हती मी, सांगते तुमाला. कणगी भरली नाय तर काय शिजवायचं, हे बाईलाच बघायला लागतं.

"चंद्रे, येड लागलं काय तुला?" बाईजा बोलली.

"लागलं," मी बोलली.

घरी सांगितलं तेव्हा हे ताटावरून उठले नायत, पण नंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोललेही नायत. मी पण माफी मागितली नाय. मंग एका सकाळी बघते तर यांनीच पंप धुतला आणि अनंताकडं देऊन आले. "घरात असला की हात जातो," एवढंच बोलले. माझा नवरा कमी बोलतो, पण बोलतो ते खरं.

आणि हात जातोच हो! डोळ्यांदेखत भात खाल्लं जातंय आणि आपण बांधावर उभं राहायचं, वैऱ्यावर येऊ नये अशी वेळ. समीक्षा अजून अशक्त, तरी रोज चुडांत शिरून बघायची. एकदा तिनं बाटलीत ठेवलेला अंड्यांचा पुंजका दाखवला. काचेला काळे ठिपके चिकटलेले, चालत होते. तीच ती माशी. "ही आपल्या बाजूची, काकी. न सोडता आलेली. थोड्या आहेत, पण आहेत." मी डोळे बारीक करून बघितलं आणि त्या ठिपक्यांना बोलली, "लवकर हातपाय हलवा गो बायांनो."

वर पाड्याचं निराळंच. आता माझं शेत आजारी ना? एक दिवस बाईजा टोपली घेऊन हजर, मागं चार बायका. मी काठी घेऊन बांधावर उभी राहिली. "एकीनं पाय टाकला तर बघा! माझं शेत आजारी नाय, कामावर आहे!" बाईजा टोपली डोक्यावर पालथी घालून, मला शिव्या घालत परत गेली.

लोंब्या आल्या. ओढ्यापलीकडं पांढऱ्या लोंब्या शोधून काढाव्या लागत होत्या. आमच्या भातात जिथं बघावं तिथं. भरलेल्या लोंब्या वाकतात, या मेल्या ताठ उभ्या. समीक्षा मोजायला बसली, मी तिच्या मागं विळा घेऊन. फरक पडला होता. तिला हवा होता तसा, चांगला ढळढळीत. मला वाटलं पोर नाचंल. तिचा हात मात्र मधेच थांबला.

"काय झालं गो?"

"माझ्यानं नाय होत, काकी. एकेक लोंबी मोजते आणि वाटतं, तुमच्या ताटातलं काढते."

मला रडू आलं. मला रडू आलं की मी खेकसते. "मोज! किड्यानं खाल्लं ते खाल्लं. तू नाय मोजलंस तर मात्र आमचं भात फुकट गेलं, समजलीस? एक लोंबी सुटता कामा नये." आणि पुढचा चूड मीच वाकवून तिच्यापुढं धरला. तो चूड झाला, मंग त्याच्या पुढचा. तुकडा संपेपर्यंत मी धरत गेली आणि ती मोजत गेली.

दिवाळीआधी कापणी झाली. कणगी अर्धीच भरली. कॉलेजात तिचं काम पसंत पडलं, असं तिनं फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी यांनी स्वतःहून तोंड गोड करायला बाईजाच्या घरी गूळ नेऊन दिला.

मंग परवा अनंता किन्हवलीच्या स्टँडवरून एक पोतं खांद्यावर घेऊन आला. मुरबाडच्या बसमधून उतरवलेलं. पाठवणाऱ्याचं नाव नाय, फक्त आमचं नाव आणि पाड्याचं. सुतळी सोडली आणि पडवीत वास सुटला. झिणी.

मी लगेच फोन लावला. "समीक्षा, तांदूळ तू पाठवलास?"

"कसला तांदूळ, काकी?"

"झिणी. पोतंभर."

"मला नाय बा ठाऊक," ती बोलली. "तुमची तब्येत कशी आहे?"

मी "बरी आहे" बोलली आणि फोन ठेवला. आमच्याकडं त्याच्यापुढं विचारीत नायत.