मुइक्कू म्हणा आणि थांबा

आजीचा कॅमेरा तळ्यात बुडाला.

असं काहीही घडलेलं नाही. आमच्या घरात हे वाक्य उच्चारायला बंदी आहे, तेव्हा तुम्हीही ते वाचलं नाही असं समजून पुढे चला.

कॅमेरा स्वस्तातला, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. आजोबा हयात असताना एकदा पेट्रोल पंपावर कॉफी प्यायला गेले आणि तो घेऊन आले. त्याला एकच खोड होती. बटण दाबलं की फोटो काढावा की नाही, याचा तो आधी विचार करायचा. आता इथे फिनलंडमध्ये फोटोच्या वेळी सगळे ‘मुइक्कू’ म्हणतात. मुइक्कू म्हणजे तळ्यातला बोटभर मासा. त्याचं नाव घेताना तोंड हसरं होतं असं मानतात; शेवटी चंबू होतो, पण त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. आम्ही मुइक्कू म्हणायचो, हसायचो, हसू संपायचं, चेहरे आपापल्या जागी परत जायचे, आणि मग कॅमेऱ्याचा विचार पक्का व्हायचा. त्यामुळे आमच्या तळ्याकाठच्या उन्हाळी घराच्या भिंतीवर दर वर्षाचा एकेक फोटो आहे आणि एकातही कुणी हसत नाही. पाहुण्यांना वाटतं, कुणाला तरी पुरून आलेत. आजी म्हणते, हीच माझी माणसं.

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुइरे आत्या, म्हणजे आजीची मुलगी, दाराएवढी फ्रेम घेऊन आली. ईस्टरला तिने नव्या फोनवर आमचा फोटो काढला होता आणि फोनने तो आपल्या मनाने सुधारला होता. त्यात सगळे हसत होते. आजी सर्वांत जास्त. जुने फोटो काढायचे आणि हा लावायचा, असं आत्याने ठरवूनच टाकलं होतं. त्या भिंतीपुढे पाहुण्यांना बसवायची तिला लाज वाटायची.

आजीने चष्मा लावून फ्रेम बराच वेळ पाहिली.

“तुइरे, हे दात कुणाचे?”

“तुझेच, आई. फोनने दिलेत.”

“परत कर. माझे ग्लासात आहेत.”

“आई, भिंत एकच आहे.”

“म्हणूनच,” आजी म्हणाली.

यंदाचा फोटो जुन्याच कॅमेऱ्याने, नेहमीसारखा तळ्यावरच्या तरंगत्या धक्क्यावर निघेल आणि भिंतीवरचा एक खिळाही हलणार नाही, असं तिने जाहीर केलं. कॅमेऱ्यात सेल नव्हते. ते आत्याच्या खिशात होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. आमच्याकडे याला गप्पा म्हणतात. आजीने एक सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढला. दुसरा स्वयंपाकघरातल्या रेडिओतून. हवामान सांगणारा माणूस “वारा ईशान्येकडून” एवढं बोलला आणि गेला. त्याचं पुढे काय म्हणणं होतं, ते आता कळणार नाही.

धक्क्याच्या पाण्याकडच्या टोकाला पालथी बादली, तिच्यावर कॅमेरा. आम्ही सगळे काठाकडच्या टोकाला. मी बटण दाबून पळत येऊन उभी राहिले. लाल दिवा लुकलुकला. मुइक्कू.

आत्याने या वेळी कॅमेऱ्याला पुरून उरायचं ठरवलं होतं. आमचं हसू संपलं, तिने धरून ठेवलं. कॅमेरा थांबला. तिचा गाल थरथरायला लागला. कॅमेरा आणखी थांबला. डोळ्यांत पाणी आलं तरी ती हसत होती. शेवटी तिने श्वास सोडला, चेहरा सोडला, आणि कॅमेऱ्याने टिपलं.

आत्याच पहिली धावली. तिकिटाएवढ्या पडद्यावर ती वाकली आणि तशीच राहिली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली.

मग आम्हीही धावलो. खरंच आजोबा होते. तीच उतरलेली भुवई, जगाचं काहीच न पटलेले तेच ओठ, फक्त आत्याच्या फुलाफुलांच्या झग्यात. आजोबांनीच तो धक्का पिंपांवर बांधला होता, पण अख्खं कुटुंब पाण्याकडच्या टोकाला जमेल असा हिशेब त्यांनी धरला नव्हता. एवढी आपुलकी आमच्यात पूर्वी नव्हती. टोक खाली गेलं. बादली तरंगली. कॅमेऱ्याचं काय झालं, ते मी वर सांगितलेलं नाही.

आत्याने वाढदिवसाच्या कपड्यांत उडी मारली. पुन्हा पुन्हा तळाशी गेली आणि कुणाचा तरी एक गमबूट घेऊन वर आली. ती रडत होती, पण ओल्या माणसाचं ते मोजत नाहीत.

“बुडालेला नाही तो,” आजी काठावरून म्हणाली. “थांबलाय. त्याला नेहमीच वेळ लागतो.”

संध्याकाळी आत्याने स्वतः भिंतीवर एक नवा खिळा ठोकला. त्यावर अजून काही नाही. दाराएवढी फ्रेम मागच्या संडासात आहे. बसणाऱ्याला आजी तिथे परक्या दातांनी धीर देते. आणि ओल्या केसांनी टेबलाशी बसून आत्याने जे सांगितलं, ते मी लिहून घेतलं. सह्या सगळ्यांच्या आहेत.

“मा. जलविभाग, नगरपालिका यांस. आपल्या हद्दीतील तळ्याची पातळी एका दुपारपुरती पुरुषभर खाली आणण्यात यावी. तोवर माशांची सोय अर्जदार आपल्या सौनाच्या न्हाणीघरात करतील. सौना तापवला जाणार नाही. कॅमेरा हाती आल्यावर पाणी पूर्ववत करावे. काम चालू असताना कर्मचाऱ्यांपैकी कोणीही हसू नये, ही नम्र विनंती.”