तुम्ही

अभिनय शिकवणारे गेर्मान ल्वोविच ज्याला शिव्या घालत नाहीत त्याचं काही खरं नाही, हे त्या मॉस्कोच्या नाट्यशाळेत कोट सांभाळणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मार्नीला.

ती अमेरिकेतल्या नेब्रास्काची. तिकडे शाळेपासून सगळे तिला सुंदर म्हणत आले होते. नाटक पडलं तरी सुंदर, संवाद विसरली तरी सुंदर. त्या गोड बोलण्याचा तिला वीट आला होता. रशियातले मास्तर तोंडावर खरं सांगतात असं ऐकून ती आईशी भांडून इथे आली. आपल्याला अभिनय येतो की नाही, एवढं एकदाचं कळावं, बाकी तिला काही नको होतं. आणि सप्टेंबरपासून तो कडक म्हातारा रोज तिला काय म्हणत होता? "छान, मार्नी. बसा तुम्ही." बाकी बावीस जणांना तो 'अरे-तुरे' करायचा, गाढव म्हणायचा, टेबलावर मुठी आपटायचा. हिला एकटीला 'तुम्ही'. पोरगी हरखून गेली नसती तरच नवल.

जानेवारीत हिवाळी परीक्षा आली. परीक्षेनंतर दारावर यादी लागते आणि यादीत नाव नसलेल्यांनी सामान उचलायचं, अशी तिथली रीत. मार्नीची जोडी तायाबरोबर लागली. ताया वसतिगृहात तिच्याच खोलीत राहायची. व्होल्गाकाठच्या सिझरानची, दणकट हाडाची, फटकळ. मार्नीला रशियन नीट बोलायला आणि कुट्टूची खिचडी न करपवता शिजवायला तिनंच शिकवलं होतं.

प्रवेश साधा होता. दोघी बहिणी मेलेल्या आईचं कपाट आवरतात. अट एकच, अवाक्षर बोलायचं नाही. दोघींनी तीन आठवडे घासला होता तो. परीक्षेच्या दिवशी आईचा जाड कोट काढताना मार्नीचं कोपर तायाच्या हनुवटीला लागलं आणि तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "माफ कर."

सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं. ताया क्षणभर थांबली. मग कोट हिसकावून घेत, खऱ्या बहिणीच्या खऱ्या तुसडेपणानं म्हणाली, "आता सुचलं का तुला?" हसू जागच्या जागी विरलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर डोळे पुसले. मार्नीला हायसं वाटलं.

नंतर सगळे अर्धवर्तुळात बसले आणि गेर्मान ल्वोविच तायावर तुटून पडले.

"तुला कोणी बोलायला सांगितलं होतं? जीव चालला होता का तुझा?"

"प्रवेश पडत होता, गेर्मान ल्वोविच."

"पडू द्यायचा! चार महिने काय घसा फोडतोय मी इथे? अडलं की तुझं तोंड सुटतं. ऑक्टोबरात तेच, डिसेंबरात तेच. हातात सोनं आहे, आणि ही बया ते भाजीच्या भावानं विकतेय!"

अर्धा तास तोंडाचा पट्टा चालू होता. ताया ओठ दाबून ऐकत होती. मग ते मार्नीकडे वळले. "छान, मार्नी. प्रगती आहे. बसा तुम्ही."

"पण आधी मी बोलले," मार्नी म्हणाली.

"हो, हो. बसा."

दुसऱ्या दिवशी यादी लागली. तायाचं नाव त्यात नव्हतं. मार्नीचं होतं.

ताया रडली नाही, हेच वाईट. तिनं बॅग भरली, कढई मार्नीच्या पलंगाखाली सरकवली. रशियन रिवाजाप्रमाणे प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं असतं, म्हणून ती बॅगेवर बसली आणि मार्नी पलंगाच्या कडेवर. खोलीत फक्त बाहेरचा बर्फ खरवडणाऱ्या फावड्याचा आवाज होता. मार्नीला ते सहन झालं नाही.

"ताया, माफ कर."

ताया तिच्याकडे बघतच राहिली. "आताही? अगं, एक मिनिट तुला तोंड मिटून बसवत नाही?"

"मी जाऊन सांगते त्यांना. चूक माझी होती."

"कोणाला सांगतेस? त्यांनी तुला पाहिलं तरी आहे का कधी?" ताया उठून बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवू लागली. "मला अर्धा तास झोडपलं त्यांनी, मार्नूशा. सगळं लक्षात होतं त्यांच्या, ऑक्टोबरातलंसुद्धा. तुझं एक तरी काही आठवतं का त्यांना, विचार जा."

सोमवारी एकट्याचे प्रवेश होते. वाईट बातमीचं पत्र येतं, असा विषय. मार्नी उभी राहिली आणि जाणूनबुजून, ठरवून, भिकार काम केलं. कपाळावर हात मारला, डोळे फिरवले, छाती बडवली, हुंदके काढले. मुलं अवघडून जमिनीकडे बघू लागली. गेर्मान ल्वोविच चहात साखर ढवळत होते.

"छान, मार्नी. बसा तुम्ही."

ती बसली नाही. "हे खोटं होतं. मी मुद्दाम केलं."

त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. नजरेत राग नव्हता. दमलेल्या माणसाचा भलेपणा होता, आणि तिला तोच जास्त लागला.

"समजलं मला," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही पाहुण्या, वर्षभरानं घरी जाणार. तिकडे लोक टाळ्या वाजवतील, सुखात राहाल. उगाच कशाला मी तुम्हाला दुखवू?"

मार्नी खुर्चीवर येऊन बसली. हेच ऐकायला ती अर्धं जग ओलांडून आली होती, आणि तेही तिला गोड शब्दांतच मिळालं.

"रोदिऑन! ऊठ, ठोंब्या!" गेर्मान ल्वोविच गरजले. रोदिऑननं पत्र उघडलं नव्हतं तोच ते खुर्चीवरून ताडकन उठले. पाकीट असं फाडतात? पोस्टमनचा हात दिसला का तुला? आई कधी मेलीय का तुझी? मग नोव्हेंबरात त्या पायरीच्या प्रवेशात रडलास तेव्हा कोण दिसत होतं?

रोदिऑनचे कान लाल झाले होते. मार्नी त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि हेव्यानं तिचे डोळे भरून आले होते.