उभ्या गाडीतला प्रवास

गार्डीणबाईंची एकच हौस राहून गेली होती: नवऱ्याच्या शेजारी बसून आगगाडीचा प्रवास. लग्न करून निघाल्या तेव्हाही त्या डब्यात आणि गार्डसाहेब सगळ्यात मागच्या ब्रेकव्हॅनमध्ये. साहेब निवृत्त झाले तोवर बाईंचे गुडघे संपावर गेले. मग त्यांनी साहेबांना घेऊन रेल्वे संग्रहालय गाठलं. तिथली जुनी गाडी रंगरंगोटी करून दोन भिंतींच्या मध्ये उभी होती. पळून पळून कुठे पळणार?

बाई खिडकीशी बसल्या. शेजारच्या जागेवर रुमाल टाकला.

"बसा ना."

"आलोच, ब्रेकव्हॅनवर नजर टाकून," म्हणत साहेब पसार झाले.

रुमाल दिसला आणि बघायला आलेल्यांच्या अंगात प्रवासी शिरला. दोन बहिणी खिडकीवरून हातघाईवर आल्या. एक लठ्ठ गृहस्थ वरच्या फळीवर चढून घोरू लागले. "गाडी लेट आहे," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. पहारेकरी संग्रहालय बंद करायला आला, तर एकही जण उठेना.

"आमचं स्टेशन आलेलं नाही," बहिणी एकसुरात म्हणाल्या.

तेवढ्यात मागून शिट्टी झाली. साहेब हिरवा बावटा दाखवत होते. गाडी तसूभर हलली नाही, पण सगळ्यांनी दांडे घट्ट धरले. पहारेकऱ्यानेही.

"बाई, तुमच्या ह्यांना आवरा हो!" तो काकुळतीला आला.

बाई कण्हत-कुथत ब्रेकव्हॅनपर्यंत पोचल्या. आत पेटीवर प्लास्टरचा गार्ड बसवलेला होता, आणि साहेब त्याच्या शेजारी ताठ उभे.

"या, बसा माझ्याजवळ," बाई म्हणाल्या.

"गाडी चालू असताना गार्ड जागा सोडत नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जन्मभर चालूच होती तुमची गाडी!" त्यांनी कोपऱ्यातला लाल बावटा उचलला आणि दाराबाहेर धरला. पुढच्या डब्यांतून शिव्याशाप ऐकू आले.

साहेब पांढरेफटक पडले. "मध्येच थांबवलीत? कारण काय सांगू मी?"

"सांगा, बायको होती."

साहेबांनी शिट्टी खिशात टाकली, बाईंचा हात धरला आणि प्लास्टरच्या गार्डाला म्हणाले, "जरा सरकता का? आम्ही दोघं आहोत."