कवळी आणि बर्गर

मी कवळ्या करते. दातांचा डॉक्टर हिरड्यांचा साचा पाठवतो. मी मेणात दात बसवते, घासते, चकाकी आणते आणि डबीत घालून परत पाठवते. माझे दात कोणाच्या तोंडात जाऊन बसले, हे मला कधी कळत नाही. एकच कवळी घरात राहिली. ती बाबांची, आणि तिच्यात मी जेवढा जीव ओतला तेवढा स्वतःच्या लग्नाच्या तयारीतसुद्धा ओतला नव्हता.

ती कवळी लावल्यापासून बाबा आमच्याबरोबर जेवत नाहीत. ताट वाढून घेतात, खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. थोड्या वेळाने रिकामं ताट आणून ठेवतात. आयुष्यभर सलून चालवलेला माणूस हा! खुर्चीत बसलेल्या मुक्यालाही बोलतं करणारा. पूर्वी जेवायला बसलो की ते बोलत आणि आमचे हात ताटातच वाळून जात. आता मी, नवरा आणि लेक असे तिघंच टेबलाशी बसतो आणि चौथ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे साठतात. त्या कपड्यांचा मला रोज राग यायचा.

"टोचते का हो?"

"नाही गं."

"हलते का?"

"अजिबात नाही. छान केलीयेस."

"मग बाहेर बसा ना जेवायला."

"बाहेर वारा लागत नाही."

पंखा नेमका त्यांच्या खुर्चीच्या डोक्यावर आहे. माझ्या मनात किडा वळवळायला लागला तो इथेच. नक्की काहीतरी बिघडलंय आणि हे माझं मन राखायला सांगत नाहीयेत. मी ती कवळी कितीदा लॅबमध्ये नेली, कितीदा कानस फिरवली, दर वेळी त्यांना "आ करा" म्हणून बॅटरी मारून तोंडात पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. बाहेर जेवायला या म्हणून दाताच्या कण्या केल्या, पण दार काही उघडेना.

एका संध्याकाळी नवरा आणि लेक बर्गरवरून भांडत होते. नवरा इमारतींचे नकाशे काढतो. त्याचं म्हणणं, खरा बर्गर घरचाच. पॅटी स्वतःच्या हाताने थापलेली, तव्यावर कडेने कुरकुरीत झालेली, कांदा समोर चिरलेला. "दुकानातला बर्गर फोटोत उंच आणि खोक्यात चपटा!"

"पप्पा, तुझा बर्गर खायचा म्हणजे आधी शिडी लावावी लागते," लेक म्हणाली. "दुकानातला बघ. पाव मऊ, सॉस कडेपर्यंत. आणि कधीही जा, चव तीच."

"कधीही जा, चव तीच, हाच तर त्याचा दोष आहे!"

बाबा ताट ठेवायला आले होते, ते दारातच थबकले. "काय गं," त्यांनी मला विचारलं, "या दातांनी बर्गर चावता येईल?"

माझा घास हातातच राहिला. त्या दातांविषयी त्यांनी आपणहून काही विचारलं ते पहिल्यांदाच.

"येईल की! न यायला काय झालं?"

"मग बघू एकदा. जमलं तर बसेन तुमच्यात जेवायला."

एवढं बोलून ते गेले. मला झोपेतसुद्धा पाव दिसायला लागले. आता वाद चवीचा राहिला नव्हता, बाबा टेबलावर परत येतात की नाही याचा होता. मी दोघांनाही सुनावलं. पुढच्या दातांनी लचका तोडला की कवळी मागून उचलते, म्हणून उंची कमी हवी. पाव मऊ हवा. आणि तीळ नकोत, कारण कवळीखाली तीळ गेला की चपलेत खडा गेल्यासारखं होतं.

"बिनतिळाचा पाव? दोनच मजले?" नवऱ्याचा चेहरा पडला. पण सासऱ्यांवर त्याचा फार जीव, त्यामुळे त्याने मुकाट्याने मजले उतरवले. पॅटी इतकी मऊ केली की ती उलटताना तोच श्वास रोखून धरत होता.

रविवारी दुपारी मी खुर्चीवरचे कपडे उचलले. बाबा येऊन बसले. मी बरोबर समोर बसले, म्हणजे सगळं नीट दिसेल. लेक एका बाजूला, नवरा उलथनं हातात घेऊन उभाच. कोणी बोलेना. बाबांनी बर्गर उचलला, आमच्याकडे पाहिलं आणि चावा घेतला.

टक्.

आवाज काही मोठा नव्हता, पण ऐकला सगळ्यांनी. "मागून उचलली का?" मी वाकून विचारलं. बाबांनी तोंडावर रुमाल धरला, नाही म्हणून मान हलवली आणि बर्गर खाली ठेवला. "चांगला झालाय हो," ते जावयाला म्हणाले आणि उठून खोलीत गेले. नवऱ्याने तो अर्धवट बर्गर उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला, जणू एखादी भिंत तिरकी गेली होती.

"मी सांगत होते," लेक म्हणाली. तिला दात काढायला निमित्तच पाहिजे असतं. "आता दुकानातला."

पुढच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. आत नुसता कल्ला. कोणाचा तरी वाढदिवस चालला होता, मशीन किंचाळत होती, काउंटरवरची मुलगी आकडे ओरडत होती. मला तर डोकं धरावंसं वाटलं. बाबांनी मात्र भिंतीकडेची जागा पकडली आणि लेक ट्रे घेऊन आल्याबरोबर कागद सोडला.

आणि खाल्ला की हो! सॉस हनुवटीवर, कांदा शर्टावर, आणि तोंड भरलेलं असताना बोलतायत, पलीकडच्या टेबलावरच्या माणसाचे केस कोणी कापलेत आणि किती वाईट कापलेत! लेक पोट धरून हसत होती. नवरा आपला बर्गर उघडून पॅटीची जाडी बोटाने मोजत होता. मला आनंद झालाच, पण कामाच्या सवयीने माझी नजर पावावर गेली. पाव तिळांनी गच्च भरलेला. उंचीही घरच्यापेक्षा जास्त. माझं सगळं शास्त्र तोंडघशी पडलं होतं, आणि बाबा बोटं चाटत होते.

"मान्य कर, पप्पा," लेक म्हणाली.

"एकदा जिंकलीस," नवरा म्हणाला. त्याला ते लागलं होतं.

मला मात्र चैन पडेना. तिळाचा पाव चालला आणि बिनतिळाचा चालला नाही, हे कसं? मग मीच एक डोकं चालवलं. बुधवारी येताना त्याच दुकानातून तोच बर्गर बांधून आणला आणि बाबांपुढे ठेवला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि खोलीत गेले. दार लोटलं गेलं.

म्हणजे दोष बर्गरचा नव्हता. ना घरच्याचा, ना दुकानातल्याचा.

मी दारापाशी गेले. आतून आवाज येत होता, टक् टक्, सावकाश, मजेत खाणाऱ्या माणसाचा. "बाबा," मी बाहेरूनच म्हटलं, "खरं सांगा. तिथे जमतं ते इथे का नाही जमत?"

आवाज थांबला.

"तिथे माझ्याकडे कोणी बघत नव्हतं," बाबा म्हणाले. "इथे तू बघतेस."

"मी तर काळजीने..."

"माहितीये मला. पण मी घास घेतो आणि तू काम तपासतेस. मला जेवतोय असं वाटतच नाही, तुझ्या लॅबमध्ये बसलोय असं वाटतं. कवळी वाजते गं थोडी. वाजणारच. पण ती वाजली की तुझा चेहरा पडतो, मग माझ्या घशाखाली घास उतरत नाही." आत ताट सरकवल्याचा आवाज आला. "माणसाच्या गळ्यावर वस्तरा चालायचा तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत कधी बघितलं नाही. बघितलं की तो आखडतो."

मी दाराला टेकून उभी राहिले. पहिल्यांदा राग आला. एवढं करून वर हे ऐकायचं? मग इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. इतके दिवस मी दातांतली खोट शोधत होते, आणि बाबांना त्या दारामागे मीच बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची फिरवून बाबांच्या शेजारी ठेवली. समोरची जागा लेकीला दिली. जेवणाआधी दोघांना स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, "आज भांडायचं. मोठ्याने. आणि आजोबांकडे बघायचं नाही."

"कशावरून भांडू?" नवऱ्याने विचारलं.

"बर्गर आहे की!"

भांडायला त्यांना आग्रह कधीच लागत नाही. पाव कसा असावा इथून सुरुवात झाली आणि घरच्या सॉसमध्ये साखर जास्त असते इथपर्यंत गाडी घसरली. बाबा ताट घेऊन खोलीच्या दाराशी उभे होते. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. मग येऊन बसले.

"दोघंही चुकताय," ते म्हणाले. "पाव भाजताना लोणी लागतं. कोणीच लावत नाही." आणि त्यांनी घास घेतला.

टक्.

मी ताटात बघत होते. माझ्याच हातचं काम हातभर अंतरावर चाललं होतं. मागून उचलतंय का, कोणत्या बाजूने चावतायत, जीभ अडतेय का, सगळं बघायला मान इतकी शिवशिवत होती की मी मांडीवरचा पदर मुठीत धरून ठेवला. बाबा लोण्याविषयी बोलत होते, तोंड भरलेलं ठेवून, पूर्वीसारखे.

"वाढ गं आणखी," ते मला म्हणाले.

मी मान खाली घालूनच वाढलं.