माघारी गेलेली ओवाळणी

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन सिद्रामप्पानं माकणीत धुरपताबाईच्या दारात मोटारसायकल लावली. मुरुमहून तिच्या धाकट्या भावाची, हरिबाची, एकशे एक रुपयांची मनिऑर्डर आली होती. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर धुरपताबाईनं सही केली नाही, तेव्हापासून हरिबा तिच्या दारात फिरकला नव्हता. ओवाळणी मात्र पोस्टानं बिनचूक येई. रीतही पाळायची आणि रुसवाही सोडायचा नाही, असा हा हुशार गडी!

"माघारी धाडा," धुरपताबाई म्हणाली.

सिद्रामप्पा चपापला. "मावशी, घ्यायला नकार दिला असं लिवावं लागतंय. भावाला काय वाटंल?"

"ओवाळलं न्हाय तर ओवाळणी कशाची? आजवर घेत आले हीच माजी चूक. लिवा तुमी."

सून मोनिका आतून धावत आली. "आत्याबाई, अशानं कायमचं तुटंल की वो!"

ती भीती धुरपताबाईच्याही पोटात होती. भाऊ एकुलता एक. तो तुटला की माहेर संपलं. पण भिऊन घरात बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तडक पोस्टात गेली आणि हरिबाच्या नावानं मनिऑर्डर केली. मुरुम ते माकणी, एसटीचं जाऊन-येऊन भाडं. हरिबा नुकताच साठीत आलेला, अर्ध्या तिकिटाला पासष्ट पुरी लागतात, म्हणून पूर्ण तिकिटाचं.

"निरोप काय लिवू?" पोस्टात परतलेल्या सिद्रामप्पानं फॉर्म भरताना विचारलं.

"भाडं धाडलंय. ये."

ओवाळणं कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतं. एकेक दिवस सरत गेला. धुरपताबाईला जेवण गोड लागत नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळीच हरिबा दारात उभा! तोंड फुगलेलं, नोटा मुठीत.

"आक्का, गावात हसं केलंस माजं. बहीण भाडं धाडतीया म्हणत्यात. हे घे तुजे पैसे."

"पोस्टानं धाडायचे की."

हरिबानं नोटांची मूठ खाली घेतली. बघता बघता त्याचे डोळे भरून आले. "आक्का, सहीचं म्या पुन्हा काडणार न्हाय."

"काडलंस तरी म्या करणार न्हाय," धुरपताबाई म्हणाली आणि त्याचा हात धरून तिनं त्याला पाटावर बसवलं.