भगवानरावांच्या परसात पॅट्रिक

या सगळ्या खटाटोपातून ऋतुजाला मिळवायचं होतं ते एवढंच: सासऱ्याचा होकार. आयर्लंडमधल्या एका दवाखान्यानं तिला नर्स म्हणून निवडलं होतं आणि वीस मार्चपर्यंत उत्तर मागितलं होतं. नवरा परमेश्वर राजी होता. तो सिरसाळ्याला खताच्या दुकानात बसायचा आणि वर्षभरानं मागोमाग जाणार होता. पण भगवानरावांच्या घरात परमेश्वरचा होकार धरला काय अन् सोडला काय, सारखंच. सासू छबुबाईंना तर कुणी विचारलंच नव्हतं.

भगवानराव पंधरा वर्षं सोसायटीचे चेअरमन. त्यांचा नकार सरळ कधी यायचा नाही, चौकशीच्या वेषात यायचा.

"त्या मुलखाचा देव कोणता, सण कोणता, माणसं कशी, कायबी ठावं न्हाई. सून काय पार्सल हाय, पत्ता टाकला की धाडली?"

यावर तोडगा काढला प्रियदर्शनीनं. ती ऋतुजाची अंबाजोगाईच्या नर्सिंग कॉलेजातली मैत्रीण. दोन वर्षं आयर्लंडात नोकरी करून सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "सतरा मार्चला तिथं संत पॅट्रिकचा सण असतो. लोक नखशिखांत हिरवं घालतात, नाचतात, खातात. तोच इथं परसात करू. मामांना सण दिसला की मुलूख दिसंल."

संताचं नाव निघाल्यावर भगवानरावांची पंचाईत झाली. संताला नको म्हणणारा माणूस गावात पुन्हा निवडणुकीला कसा उभा राहणार? त्यांनी एवढंच विचारलं, "दारूबिरू न्हाई ना?"

"वाळ्याचं सरबत हाय, मामा."

"मंग करा."

आवतण द्यायला प्रियदर्शनी स्वतः घरोघर फिरली. मंगळवारी चार वाजता, परसात, ऋतुजासाठी छोटा कार्यक्रम, हिरवं नेसून या. कशाचा कार्यक्रम, असं कुणी विचारलं की ती हसायची आणि म्हणायची, आल्यावर कळंल. धारूरच्या घाटाखाली, लग्नाला चार वर्षं झालेल्या सुनेसाठी, परसात, हिरव्या लुगड्यात होणारा आणि आधी न सांगायचा कार्यक्रम एकच असतो. तो शिकवावा लागत नाही. दोन वर्षं परदेशात राहिलेल्या पोरीच्या तो ध्यानात राहिला नाही, एवढंच.

मंगळवारी परसातल्या लिंबाला झोका बांधला. फोटो चांगले यावेत म्हणून त्याला अशोकाची पानं लावली. ऋतुजानं हिरवं लुगडं नेसलं, हातात हिरवा चुडा भरला. आता याहून वेगळा पुरावा बायकांनी कुठून आणायचा?

पहिल्या आल्या मंजुळाबाई, गल्लीतल्या सगळ्यात वडील. ताटात नारळ, गहू, खण, हळदकुंकू.

"अवस तोंडावर आली आन् आज कार्यक्रम घेतलाव. असू द्या, शिकलेल्या पोरी." असं म्हणत त्यांनी ऋतुजाला झोक्यावर बसवलं आणि तिची ओटी भरली. मागून आणखी आठजणी. सगळ्यांच्या हातात नारळ.

ऋतुजानं पाया पडता पडता प्रियदर्शनीला विचारलं, "तिकडं पण ओटी भरतात का गं?"

"मी तर नाही बघितली. आत्यांनी सांगितलं असंल ह्यांना."

"आत्यांनी?" ऋतुजानं वळून चुलीच्या दिशेनं पाहिलं. सासू आपल्या बाजूनं आहे, हे तिला आज कळलं. सासूला ते अजून कळायचं होतं.

छबुबाई चुलीपाशी पालकाच्या पुऱ्या तळत होत्या. टोपली घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या. झोका, हिरवं लुगडं, मांडीवर नऊ नारळ. बायकांना काय कळलंय ते त्यांना एका नजरेत कळलं. खरं आहे का, ते मात्र कळेना. खरं असेल तर सून गल्लीला सांगते आणि आपल्याला नाही? नसेल तर ही हसतीय कशाला?

"छबु, येवढी बातमी दाबून ठेवलीस व्हय गं?" एकीनं टोमणा मारला.

"मला बी आत्ताच कळायलंय," छबुबाई म्हणाल्या. बायका हसल्या. छबु कधी नव्हे ते विनोद करती, म्हणाल्या.

मग प्रियदर्शनीनं ऋतुजाच्या डोक्यावर हिरवी उंच टोपी ठेवली.

"ही कावून?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"तिकडची पद्धत हाय, आज्जी."

मंजुळाबाईंनी ती काढली, उलटी केली आणि ओटीतून सांडलेले गहू गोळा करून तिच्यात ठेवले. प्रियदर्शनीनं आयरिश नाच दाखवला. हात अंगाला चिकटलेले, नुसते पाय नाचतात. "हिचे हात कुणी बांधलेत का काय," कुणीतरी पुटपुटलं, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

तिकडं पुढच्या अंगणात शेजारचे आसाराम भगवानरावांना म्हणाले, "चेअरमन, आजा झालाव, आन् पेढे न्हाईत?"

भगवानराव गडबडले. आपल्या घरातली गोष्ट शेजाऱ्याकडून कळते, हे कबूल करणं त्यांना परवडणारं नव्हतं. "असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसत्यात," ते गंभीर होऊन म्हणाले. पाच किलो पेढे आणवले आणि पारावर जाऊन स्वतःच्या हातानं वाटले.

परसात आता मंजुळाबाईंनी दोन पालथ्या वाट्या मांडल्या होत्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी.

"उचल एक."

ऋतुजानं उचलली. पेढा निघाला.

"पोरगा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"कुणाचा?" ऋतुजानं विचारलं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. ऋतुजानं मांडीवरच्या नारळांकडं पाहिलं, झोक्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "आज्जी, तसलं काय न्हाई. मला नोकरी लागलीय. आयर्लंडला. आज तिथं संत पॅट्रिकचा सण असतो."

"त्या संताला लेकरं किती?"

"लग्नच केलं न्हवतं त्यांनी."

"मंग त्येच्या सणाला आमी वटी कशाची भरली?"

तेवढ्यात भगवानराव रिकामा खोका घेऊन आत आले, मागं आसाराम. "झाला का कार्यक्रम?" त्यांच्या आवाजात इतकी माया घरानं कधी ऐकली नव्हती.

ऋतुजा उठून उभी राहिली. "मामा, गैरसमज झाला. मला दिवस गेलेले न्हाईत."

भगवानरावांनी खोक्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. यावेळी नकार सरळ आला. "आयर्लंड बंद. आजपासनं त्येचं नाव ह्या घरात न्हाई पायजे."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तर द्यायला तीन दिवस उरले होते.

छबुबाईंनी पुऱ्यांची टोपली खाली ठेवली. "मंजुळामावशी, भरलेली वटी परत घेत्यात का?"

"छ्या. कुणी घेत न्हाई."

"बाई घरातनं लांब निघाली तरी भरत्यातच ना?"

"भरत्यात की."

"मंग भरलीय. नऊजणींनी. निघाली ती." आणि नवऱ्याकडं न बघताच पुढं म्हणाल्या, "तुमी पारावर जाऊन काय सांगणार? नातवाचे पेढे वाटले, पर नातूच न्हाई? का सून परदेशात लागली म्हणून वाटले?"

भगवानरावांनी पंधरा वर्षं मतं मोजली होती. वारं कुठं फिरलं ते ओळखायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते आसारामांकडं वळले. "नोकरीचेच पेढे होते. मी नातू म्हणलो का बे कवा?"

आसाराम आठवू लागले. खरंच म्हणाले नव्हते.

शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं? ऋतुजानं संध्याकाळीच दवाखान्याला उत्तर धाडलं. मंजुळाबाईंचा एक खण आणि एक नारळ गेला, पण पुऱ्या त्यांनी पोटभर खाल्ल्या. भगवानरावांचे पाच किलो पेढे गेले आणि एक नकार गेला. बदल्यात पारावर महिनाभर 'परदेशवाले चेअरमन' म्हणून मान मिळाला. छबुबाईंच्या वाट्याला दोन म्हशींची धार एकटीनं काढणं आलं, आणि दूधसंघाच्या रांगेत रोज सकाळी 'नातवंड कधी' या प्रश्नाला उभं राहणं आलं. पुऱ्या तळता तळता मिळालेलं आजीपण त्यांनी अर्ध्या तासात परत करून टाकलं होतं, तेही कुणी मागितलेलं नसताना.